कोरा नमुना

वडवणीच्या बाजारात एक जोडपं रसवंती चालवायचं. दसरा झाला की दोघं कोयता घेऊन कारखान्यावर जायची. पट्टा पडला की गावी यायची आणि उन्हाळाभर रस विकायची. रसात आलं, लिंबू आणि बर्फ. दुसरं काही नाही.

एका बाजाराच्या दिवशी एक आजोबा नातवाला घेऊन आले. आजोबांना शुगर होती. बरीच वर्षं ते चहात साखरेऐवजी सॅकरीनची गोळी टाकायचे. रस नातवासाठीच घेतला होता, पण ऊन फार होतं. एक घोट त्यांनीही घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ही उसाची गोडी न्हाई. मागून कडू लागतंय. ही चव मला ठावी हाय. सॅकरीन टाकलंय ह्याच्यात."

ज्याच्या रोजच्या चहात सॅकरीन, त्याचं कोण खोटं मानणार? बोलणं पारावर गेलं, एसटी स्टँडवर गेलं. आठवडाभरात चरकापुढची बाकडी रिकामी झाली. रसवंतीवाला गिऱ्हाइकांसमोर ऊस सोलून दाखवायचा. बघणारे मान हलवायचे आणि पुढे जायचे.

गावात एक निवृत्त गुरुजी होते. ते म्हणाले, "जिभेवर जिभेनं भांडून काय होणार? मोजून घेऊ." 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे साध्या गिऱ्हाइकालाही फी भरून नमुना तपासून घेता येतो; फक्त विकत घेतानाच विकणाऱ्याला तसं सांगावं लागतं. गुरुजींनी सांगितलं. रसवंतीवाल्याने स्वतःच बाटली धुऊन भरून दिली. बर्फाच्या डब्यात बसून ती शहरातल्या प्रयोगशाळेत पोचली.

तिथे एक मुलगी नुकतीच कामाला लागली होती. तिने रसात दोन द्रावणं घालून त्यातला गढूळपणा खाली बसवला. वरचं निवळ बारीक जाळीतून गाळलं आणि त्याचा थेंब यंत्रात सोडला. यंत्राला एचपीएलसी म्हणतात. त्यात बारीक भुकटी ठासून भरलेली वीतभर नळी असते. जोराच्या दाबाने थेंब त्यातून जातो आणि त्यातला एकेक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो. दाराशी अतिनील प्रकाश असतो. उसाची साखर त्या प्रकाशाला जवळजवळ दिसतच नाही. सॅकरीन मात्र लगेच दिसतं. मग पडद्यावरची सपाट रेघ वर उठून शिखर काढते.

सॅकरीनच्या वेळेला रेघ उठली. शिखर लहान होतं, पण होतं.

मुलीने अहवाल लिहायला घेतला. मागे तिच्या वरिष्ठ बाई उभ्या होत्या.

"कोरा नमुना चालवलास का?"

कोरा नमुना म्हणजे नुसतं पाणी. रसाला जे जे केलं, ते सगळं पाण्याला करायचं आणि तेही यंत्रात सोडायचं. मुलीने ते केलं नव्हतं. आता केलं. त्याच वेळेला, तेवढंच शिखर पाण्यातही आलं.

मुलगी बघतच राहिली. सकाळी याच यंत्रात गोड गोळ्यांचं दाट द्रावण तपासलं होतं. सुईला त्याचा अंश राहिला होता. सॅकरीन साखरेच्या 300 ते 500 पट गोड. त्याचा कण उरला तरी पुष्कळ.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सॅकरीन सापडलं तेच मुळी न धुतलेल्या हातामुळे. 1879 साली फालबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेतून जेवायला गेला आणि पाव गोड लागला. त्यानेच पुढे हे सांगितलं. गोडी पावात नव्हती, त्याच्या बोटांवर होती."

सुई धुतली, नळी धुतली. पाणी पुन्हा सोडलं, रेघ सपाट. रस सोडला, रेघ सपाट. तरी बाईंनी थांबू दिलं नाही. त्याच रसात त्यांनी किलोमागे 100 मिलिग्रॅम सॅकरीन मोजून घालायला लावलं. यंत्राने 97 दाखवलं. "आता लिही. असतं तर आपल्याला दिसलं असतं, एवढं कळल्याशिवाय 'नाही' लिहायचं नसतं."

कागद वडवणीला आला. गुरुजींनी तो रसवंतीसमोर वाचला आणि नंतर आजोबांच्या घरी जाऊन कोऱ्या नमुन्याची गोष्टही सांगितली. आजोबा बराच वेळ गप्प बसले.

"गुरुजी, त्या दिवशी रस प्यायच्या आधी मी काय खाल्लं-प्यायलं, हे कुणी इचारलंच न्हाई. हॉटेलात चहा घेऊन तसाच उठलो व्हतो. दोन गोळ्या टाकून."

आजोबा खोटं बोलले नव्हते. कडू चव त्यांना खरोखरच लागली होती. पण समोरच्या ग्लासाबद्दल बोलण्याआधी आपल्या तोंडात काय उरलंय, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याला दोष देताना आपलं भांडं आधी कोऱ्या पाण्याने तपासावं, ही प्रयोगशाळेतली रीत माणसांमध्येही हवी.

पुढच्या बाजाराला आजोबा आले. आधी त्यांनी चूळ भरली. मग एक घोट घेतला, उरलेला ग्लास नातवाला दिला आणि बाजारातल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझंच चुकलं. रस उसाचाच हाय." तिथून ते पारावर गेले, एसटी स्टँडवर गेले. पहिलं बोलणं जिथे जिथे गेलं होतं, तिथे तिथे ते स्वतः जाऊन सांगत राहिले.