खांदेपालट आणि अणुइंधन

एखाद्या मोठ्या संस्थेच्या कारभारात काही विपरीत घडले की तिच्या चालकांना सुचणारा पहिला उपाय बहुधा खांदेपालट हाच असतो. आणि हा उपाय लोकांच्या नजरेत चटकन भरणारा, वर्तमानपत्राच्या अर्ध्या रकान्यात मावणारा व इतर सर्व उपायांच्या मानाने स्वस्त असल्यामुळे, त्याने नेमके काय साधले याची वास्तपुस्त पुढे फारसे कोणी करीत नाही. साखर कारखान्याच्या किंवा पतपेढीच्या बाबतीत ही बेफिकिरी फार तर भागधारकांना भोवते. अणुभट्ट्यांचे इंधन तयार करण्याचा खास परवाना ज्याला सरकारने दिलेला आहे, अशा कारखान्यात मात्र ती कोणाकोणाला भोवेल हे आधी सांगता येत नाही.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, ॲपलेशियन डोंगरांच्या कुशीत, नोलीचकी नदीजवळ अर्विन नावाचे लहानसे गाव आहे. तेथील ‘न्यूक्लिअर फ्युएल सर्व्हिसेस’ हा कारखाना 1957 साली स्थापन झाला, आणि अमेरिकन आरमाराच्या पाणबुड्यांना व विमानवाहू नौकांना लागणारे अणुइंधन तेथे गेली अनेक दशके तयार होत आले आहे. शस्त्रास्त्रांसाठी एके काळी साठविलेले अतिसमृद्ध युरेनियम सौम्य करून ते वीजनिर्मितीच्या भट्ट्यांना योग्य करण्याचे कामही पुढे त्याने अंगावर घेतले, आणि 6 मार्च 2006 रोजी जो प्रकार घडला तो याच कामातला. युरेनियमचे द्रावण एका जागेहून दुसरीकडे नेले जात असता वाटेत सुमारे 35 लिटर बाहेर पडले, जमिनीवर पसरले, आणि दाराच्या फटीतून पाझरणारा पिवळा ओघळ एका पर्यवेक्षकाच्या दृष्टीस पडला तेव्हा कोठे काय झाले ते कळले. या धंद्यात भांड्याचा आकार हाच पहिला पहारेकरी असतो: जे द्रावण अरुंद नळ्यांत निरुपद्रवी राहते, तेच एखाद्या खोलगट जागी साचले तर शृंखला-अभिक्रिया सुरू होऊन जवळच्या माणसाचा प्राण जाऊ शकतो. आणि अशी खोलगट जागा, म्हणजे लिफ्टचा खड्डा, तेथून जवळच होती. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

या प्रकाराची वार्ता गावाला लागली ती वर्षभराहून अधिक काळाने. 2004 पासून या कारखान्याची कागदपत्रे ‘केवळ कार्यालयीन उपयोगासाठी’ या शिक्क्याखाली दप्तरात बंद ठेवण्याचा शिरस्ता पडला होता, आणि अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने तेथील काँग्रेसला पाठविलेल्या वार्षिक अहवालात उल्लेख आला नसता तर तो शिक्का आणखी किती काळ टिकला असता कोण जाणे. दरम्यान फेब्रुवारी 2007 मध्ये आयोग व कंपनी यांच्यात तडजोड होऊन दंड टळला, आणि कारखान्यातील सुरक्षाविषयक वृत्तीची तपासणी त्रयस्थांकडून करून घेण्याचे बंधन कंपनीवर आले. नदीकाठच्या ज्या माणसांच्या जिवाशी हा मामला निगडित होता, त्यांना या तडजोडीचा पत्ताही नव्हता. माझ्या मते या प्रकरणातील खरे लांच्छन सांडलेल्या द्रावणाहून अधिक या मौनाचे आहे.

2008 च्या अखेरीस मालकीही बदलली. कारखाना ‘बॅबकॉक अँड विल्कॉक्स’ या जुन्या व मातबर कंपनीच्या ताब्यात गेला. अशा हस्तांतराला नियामकाची पूर्वसंमती लागते आणि ती रीतसर घेण्यात आली. तरीही ऑक्टोबर 2009 मध्ये, युरेनियम व ॲल्युमिनियम यांचा बारीक चुरा आम्लात विरघळविताना अनपेक्षित उष्णता व नायट्रोजन ऑक्साइडचे धूर निर्माण झाले, आणि वर्षाअखेर उत्पादन थांबवावे लागले. 2010 च्या आरंभी नवा अध्यक्ष आला, आणि नियामकाची खातरजमा होईल तसतशी एकेक प्रक्रिया पुन्हा सुरू झाली. या साऱ्या घडामोडींत नव्या अध्यक्षाचे आगमन हीच मुख्य घटना म्हणून मिरवली गेली असेल. मला मात्र अधिक मोलाची वाटते ती बंद पडलेली यंत्रे एकेक करून, दुसऱ्याच्या परवानगीने, सुरू करण्याची शिस्त.

मुख्याधिकारी बदलणे निरर्थक असते, असे माझे म्हणणे नाही. उत्पादनाचा अधिकारी व सुरक्षेचा अधिकारी यांच्यात वाद उपस्थित झाला असता कोणाचा शब्द अखेरचा मानायचा, हे शिरोभागी बसलेला माणूसच ठरवितो, आणि ठरवीत नसेल तर त्याच्या न ठरविण्यातूनही निर्णय होतच असतो. पण प्रत्येक नवा कारभारी आपल्या पूर्वसुरींकडून केवळ खुर्ची घेत नाही, तर त्यांच्या काळी पडलेल्या वहिवाटीही घेतो. आणि त्यांतली एखादी बेकायदेशीर असली तरी ती रुळलेली असल्यामुळे त्याच्या डोळ्यांत खुपत नाही. जपानमधील तोकाईमुरा येथील ‘जेसीओ’ कंपनीचे उदाहरण या दृष्टीने भयंकर आहे. युरेनियम विरघळविण्यासाठी मंजूर झालेल्या पात्राऐवजी पोलादी बादल्या वापरण्याची पळवाट तेथे 1990 च्या दशकात रूढ झाली. पुढे ती सरकारच्या संमतीवाचून कंपनीच्या अंतर्गत नियमपुस्तिकेतही शिरली. आणि 30 सप्टेंबर 1999 रोजी तीन कामगारांनी आणखी एक पायरी गाळून बादल्यांतले द्रावण थेट अवक्षेपण-टाकीत ओतले, तेव्हा 2.4 किलो युरेनियमची मर्यादा असलेल्या टाकीत सुमारे 16 किलो युरेनियम जमा झाले होते. शृंखला-अभिक्रिया तत्क्षणी पेटली. दोन कामगार काही महिन्यांत मरण पावले, कंपनीचा परवाना रद्द झाला, आणि 2003 मध्ये सहा जणांना न्यायालयाने दोषी ठरविले. पळवाटेपासून भीषण शेवटापर्यंतच्या त्या वर्षांत, ‘हे असे का करतो?’ असा प्रश्न अधिकाराने विचारणारा कोणी निघाला नाही.

म्हणून परवाना देणाऱ्याने नव्या माणसाची पात्रता पाहून थांबू नये. अर्विनच्या कारखान्याला 2012 साली एकदम 25 वर्षांचा परवाना मिळाला. एवढ्या मुदतीत अध्यक्ष किती येतील व किती जातील याचा हिशेब करण्यात अर्थ नाही. पाहायचे ते हे, की रात्रपाळीच्या एखाद्या साध्या कामगाराला पिवळा ओघळ दिसला तर वरिष्ठाची वाट न पाहता काम थांबविण्याचा अखत्यार त्याच्याकडे आहे काय, तो वापरल्याबद्दल त्याची बढती रोखली जात नाही ना, आणि जुना अधिकारी जाताना कोणता नियम कोणत्या कारणाने घातला होता याची लेखी नोंद मागे ठेवून जातो काय.

आपल्याकडे तारापूरच्या भट्ट्यांचे इंधन हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये तयार होते. तेथील प्रमुखपदी बहुधा अणुऊर्जा खात्यातीलच ज्येष्ठ शास्त्रज्ञाची नेमणूक होते, आणि 1983 साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ त्याच खात्याच्या छायेत वाढल्याबद्दल 2012 च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी नापसंती नोंदविलेली आहे. हैदराबादला नवा प्रमुख आला की त्याच्या विद्वत्तेचा परिचय वृत्तपत्रांत येतो, आणि तो यावाही. पण सुरक्षेच्या कारणास्तव मागील वर्षी काम किती वेळा थांबविले गेले आणि ते कोणाच्या हुकमाने, एवढी माहितीही मंडळाने त्याबरोबर जाहीर करावी. तारापूर ज्या पालघर जिल्ह्यात आहे तेथील लोकप्रतिनिधींनी ही मागणी मंडळाकडे लेखी केली पाहिजे.