रडणारा नायक

'स्टँड बाय मी' या १९८६ च्या चित्रपटात ख्रिस चेंबर्स नावाचा मुलगा रात्री जंगलात गॉर्डी या आपल्या मित्राला शाळेतल्या दुधाच्या पैशांची गोष्ट सांगतो. पैसे त्याने चोरले होते, हे खरंच. पण मग मन खाऊ लागलं, म्हणून त्याने ते बाईंकडे नेऊन दिले. तरीही शाळेतून निलंबित केलं ते त्यालाच. पैसे काही सापडले नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात बाई नवा स्कर्ट घालून आल्या. बदनाम घरातलं पोर, त्याच्या शब्दाला किंमत कोण देणार? सांगता सांगता ख्रिसला रडू कोसळतं.

ख्रिसचं काम करणारा रिव्हर फिनिक्स तेव्हा जेमतेम चौदा-पंधराचा होता. सुरुवातीला हा प्रसंग जमेना. दिग्दर्शक रॉब रायनर यांनी त्याला एवढंच सांगितलं, की एखाद्या मोठ्या माणसाने तुझा विश्वास मोडला असेल तर ते आठव; काय ते मला सांगू नकोस. पुढच्या टेकला जे रडू आलं ते आजही पडद्यावर पाहवत नाही. त्याच वर्षी 'टॉप गन' आला होता, आदल्या वर्षी दुसरा 'रॅम्बो'. अमेरिकेतल्या पोरांच्या खोल्यांत दंडाच्या बेटकुळ्या दाखवणाऱ्या नायकांची पोस्टरं लागत होती. आपल्याकडेही रडणाऱ्या मुलाला 'मुलीसारखा काय रडतोस' म्हणून गप्प बसवलं जात होतं, अजूनही बसवतात. अशा काळात हा ख्रिस टोळीचा म्होरक्या आहे, आणि तोच रडतो. पुढे गॉर्डी कोसळतो तेव्हा त्याला जवळ घेणाराही तोच. म्होरकेपण आणि माया एकाच अंगात नांदू शकतात, हे त्या वयाच्या मुलांना कुणी तरी दाखवलं.

रिव्हरची करुणा फक्त पडद्यावरची नव्हती. आईवडील एका धर्मपंथाच्या नादी लागून दक्षिण अमेरिकेत गेले होते. व्हेनेझुएलात रिव्हर आणि त्याची बहीण रेन रस्त्यावर गाणी म्हणून पैसे मिळवत. पंथ सोडून मालवाहू जहाजाने हे कुटुंब अमेरिकेला परतत असताना कोळ्यांना पकडलेले मासे आपटून मारताना मुलांनी पाहिलं. आपण खातो ते हेच, हे आधी का नाही सांगितलंत, असं मुलांनी आईवडिलांना विचारलं. तेव्हापासून घरात मांस-मासे बंद झाले, पुढे दूध-अंडीही. ही आठवण धाकटा भाऊ जोक्विन याने अनेकदा सांगितली आहे. मुलांनी आईबापांना वळण लावलं असं हे घर. पुढे नाव झाल्यावर रिव्हर प्राण्यांसाठी, जंगलांसाठी उघडपणे बोलत राहिला. प्राणिहक्कांच्या मदतीसाठी १९९१ मध्ये निघालेल्या गाण्यांच्या संग्रहात त्याच्या बँडचं गाणं आहे. त्या काळात दूधही न पिणारा नट म्हणजे चेष्टेचाच विषय.

त्याच वर्षी त्याचा 'माय ओन प्रायव्हेट आयडाहो' आला. रस्त्यावर देहविक्री करणारा, कुठेही अचानक झोपेत कोसळणारा माइक. एड्सच्या भीतीचे दिवस होते, समलिंगी तरुणाची भूमिका घेणं तरुण नटाला महागात पडू शकत होतं. शेकोटीजवळ माइक आपल्या मित्राला प्रेम असल्याचं सांगतो, तो प्रसंग रिव्हरने स्वतः नव्याने लिहून काढला होता. अंग चोरून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, नकार ठाऊक असूनही बोलणारा तो माइक. मला विचाराल तर पडद्यावरच्या कुठल्याही मारामारीपेक्षा त्याला जास्त धाडस लागलं असेल. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

३१ ऑक्टोबर १९९३ च्या पहाटे लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर, एका नाइटक्लबच्या बाहेर फुटपाथवर तो कोसळला. अमली पदार्थांचा अतिरेक. वय २३. मदतीसाठी फोन करणारा जोक्विन १९ वर्षांचा होता, आणि त्याचा तो आक्रोश वाहिन्यांनी पुन्हा पुन्हा ऐकवला. मग कुजबुज सुरू झाली: दूध न पिणाऱ्याला हेरॉइन कसं चाललं? मला हा प्रश्न क्रूर वाटतो. दुसऱ्याच्या वेदनेने कळवळणाऱ्याने आधी स्वतः निर्दोष असल्याचा दाखला आणावा, अशी अट घातली तर जगात कळवळणारा एकही उरणार नाही. त्याला संत करणाऱ्यांचंही मला पटत नाही. संत केलेल्या पोराला 'मला सावरा' असं म्हणायला जागा राहत नाही. घरातला थोरला, लहानपणापासून कमावता, भावंडांचा आधार. अशा मुलाला कुणी विचारत नाही की बाबा, तुझं कसं चाललंय?

'रनिंग ऑन एम्प्टी' या सिडनी ल्युमेट यांच्या १९८८ च्या चित्रपटात हीच गोष्ट वेगळ्या वेषात येते. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधात आईबापांनी नापाम बनवणारी प्रयोगशाळा उडवली, त्यात एक निरपराध माणूस जायबंदी झाला, आणि तेव्हापासून सगळं कुटुंब नावं बदलत पळतं आहे. थोरला डॅनी उत्तम पियानो वाजवतो. घरात पियानो नाही, म्हणून तो आवाज न करणाऱ्या पट्ट्यांवर सराव करतो. आईबापांच्या तत्त्वांचं ओझं तो तक्रार न करता वाहतो आणि शेवटी ते खाली ठेवायला त्याला बापाची परवानगी लागते. या भूमिकेसाठी रिव्हरला ऑस्करचं नामांकन मिळालं. पुरस्कार दुसऱ्याला गेला. जोक्विनला २०२० मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा त्याने भाषणाचा शेवट रिव्हरने सतराव्या वर्षी लिहिलेल्या ओळीने केला. लोक त्या ओळीपाशी थांबतात, आणि कोसळलेल्या फुटपाथपाशी. रिव्हर ओळखून घ्यायचा असेल तर आधी 'रनिंग ऑन एम्प्टी' पाहा, आणि घरात वयात येणारा मुलगा असेल तर त्याला सोबत घेऊन पाहा.