गणितातली माणसे

साताऱ्याचे माण, सांगलीचे आटपाडी आणि सोलापूरचे सांगोले हे दुष्काळी शेजारी. पाऊस तिघांनाही सारखाच फसवतो. जुलै २०१२ मध्ये गरिबांना मोफत शस्त्रक्रियांचा आधार देणारी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सोलापूर त्यांत होते. सातारा, सांगलीची पाळी नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. सोळा महिने बांधापलीकडच्या रोग्याला आधार आणि अलीकडच्याला प्रतीक्षा!

सुधारणेची परीक्षा जिवंत माणसांवर पाहण्यापेक्षा ती आधी गणितात पाहावी, हे मला पटते. संगणकात हजारो कल्पित कुटुंबे वसवायची, त्यांना वय, मिळकत, आजार द्यायचे आणि नवी योजना आल्यास कोण इस्पितळात जाईल, खर्च किती होईल, ते पाहायचे. गाय ऑर्कट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने अशा गणिताची कल्पना १९५७ मध्ये मांडली. तेथे चूक झाली तरी कोणाच्या घरात सुतक येत नाही.

पण मला आटपाडीची आत्या आठवते. योजना आल्यावरही ती मिरजेला गेली नाही. म्हणे, "उपचार फुकट रं, पर संगं येणाऱ्याचा रोजगार बुडंल त्याचं काय? म्हशीची धार कुणी काढायची?" शस्त्रक्रियेचा खर्च गणितात सहज मांडता येतो; म्हशीची धार कोण मांडतो?

म्हणून गणित टाकावे काय? मुळीच नाही. ते टाकले, की पुन्हा जिवंत माणसांवरच प्रयोग आला. परंतु कल्पित माणूस कसा वागेल हे जो ठरवतो, तो खऱ्या माणसाचे भवितव्य ठरवीत असतो. त्याने आकडा मांडण्यापूर्वी घटकाभर आत्याच्या ओसरीवर बसावे, एवढेच माझे मागणे.