चौथ्याला जागा

श्रोते हो, कीर्तनात सगळेच साधू असतात. समोर पांडुरंग उभा, शेजारी ओळखीची मंडळी, गळ्यात माळ. तिथे कोण वावगे वागेल? मनुष्याची खरी परीक्षा व्हावयाची असेल तर त्याला आगगाडीच्या डब्यात बसवावे. तिथे ओळखपाळख नाही, उद्या पुन्हा तोंड दाखवावयाचे नाही, चार घटकांचा सहवास. अशा ठिकाणी जो जसा वागेल, तोच त्याचा खरा स्वभाव समजावा.

आपल्यापैकी पुष्कळांची वारी आता गाडीनेच होते. वय झाले, गुडघे ऐकत नाहीत, किंवा रजा मिळत नाही. गाडीची वारी काही आजची नव्हे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुंदीची चिमुकली गाडी पंढरीस आली ती सन १९०६ मध्ये. कुर्डुवाडीस मोठ्या गाडीतून उतरायचे, बोचकी सांभाळीत त्या छोट्या गाडीत शिरायचे आणि कळस केव्हा दिसतो म्हणून डोळे लावून बसायचे, असे वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी केले. पुढे तो मार्ग रुंद झाला, डबेही मोठे झाले. आत बसणाराचे मन तेवढे रुंद झाले की नाही, एवढाच आजचा विचार आहे.

डब्यात काय चालते ते तुम्हीही पाहता, आम्हीही पाहतो. एकजण खिडकीतून रुमाल टाकून चार जणांची जागा धरतो. दुसरा पाय पसरून निजतो, आणि उभी असलेली लेकुरवाळी बाई दिसू नये म्हणून डोळे मिटून घेतो. तिसऱ्याच्या हातात मोबाइल. कानाला यंत्र न लावता तो सिनेमा लावतो, आणि बहात्तर माणसांच्या डब्याला त्याची आवड ऐकावी लागते. चौथा मध्यरात्री फोनवर शेतीच्या वाटणीचा वाद घालतो; सकाळपर्यंत त्याचे भाऊबंद आपल्याला पाठ होतात! कोणी शेंगांची टरफले बाकाखाली लोटतो, कोणी तंबाखूची पिचकारी हात धुण्याच्या भांड्यात टाकतो, कोणी चिखलाच्या वहाणा समोरच्याच्या आसनावर ठेवतो. विचारले तर उत्तर ठरलेले : “तिकीट काढलंय, फुकट नाही बसलो!”

महात्मा गांधींनी सन १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक छोटी पुस्तिका लिहिली. रेल्वेच्या कारभाराचे दोष तर त्यांनी सांगितलेच, पण प्रवाशांच्या घाणेरड्या सवयींवरही पांघरूण घातले नाही. सन १९७४ मध्ये तिसरा वर्ग नावाने गेला. नाव गेले, खोड राहिली. कारण खोड वर्गाची नव्हती, मनाची होती. आज थंड हवेच्या डब्यातही तीच माणसे तशीच वागताना दिसतात.

ही खोड उपजते कोठून? तर्कशास्त्रात दोन संबंध सांगितले आहेत. एक समवाय, दुसरा संयोग. तंतू आणि वस्त्र यांचा समवाय. तंतू काढले तर वस्त्र उरत नाही. ससाणा उडत येऊन डोंगरावर बसला तर तो संयोग; ससाणा उडाला, संयोग संपला, डोंगर जागेवरच. आता सांगा, आपले आणि गाडीतल्या बाकाचे नाते कोणते? संयोगच ना? दौंडला बसलो, सोलापूरला उतरणार. पण बाकावर टेकले रे टेकले की जीव संयोगाला समवाय समजू लागतो. ‘माझी जागा’ म्हणतो. ‘मम’ ही दोन अक्षरे चिकटतात. वास्तविक तिकीट म्हणजे मालकीचे खत नव्हे. अमुक गावापर्यंत जाण्याची आणि वाटेत टेकण्याची ती परवानगी. देहाचेही असेच आहे, बरं का! पण देहाची ममता सुटायला जन्म लागतात. बाकाची ममता सोडून पाहावी. तो सोपा धडा आहे, आणि शिकवणी गाडीतच मिळते.

या ममतेची एक गंमत पाहा. गाडी फलाटाला लागते. बाहेरचा मनुष्य गयावया करतो, “अहो, थोडं सरका, आत भरपूर जागा आहे!” कसाबसा तो आत शिरतो. पुढच्या स्थानकावर तोच दारात आडवा उभा राहून ओरडतो, “जागा नाही, पुढच्या डब्यात जा!” दहा मिनिटांत डब्याची लांबी कमी झाली काय? डबा तेवढाच, मनुष्यही तोच. फक्त तो बाहेरचा होता, आता आतला झाला.

माउलींनो, हे वाक्य वारकऱ्याने तरी उच्चारू नये. आपण कोणाचे वंशज? महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. जन्मभर ज्याला दाराबाहेर ठेवले, त्याचे दर्शन घेऊन आपण आत जातो. तिथेच पायरीशी नामदेवराय आहेत. संतांचे पाय लागावेत म्हणून ज्यांनी पायरी होणे पत्करले. ते मंदिराचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी सन १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केले, आणि दार उघडले. या सगळ्या इतिहासाला नमस्कार करून परतणाऱ्या यात्रेकरूने कुर्डुवाडीला डब्याचे दार आतून दाबून धरावे, आणि बाहेर म्हातारा वारकरी पताका घेऊन धावत असावा! काय म्हणावे याला? कायद्यानेही राखीव नसलेल्या डब्यात कोणाला अडवणे हा गुन्हा आहे. पण आपल्याला कायद्यापर्यंत जायची वेळ का यावी?

आता एक कथा सांगतो. दक्षिणेत तमिळ देशी आळवार नावाचे थोर वैष्णव होऊन गेले. त्यांतील पहिले तिघे एकमेकांस ओळखत नव्हते. योगायोगाने ते तिरुक्कोविलूर या क्षेत्री आले. रात्र झाली, धो धो पाऊस सुरू झाला. पहिल्याने एका घराच्या चिंचोळ्या देवडीत आसरा घेतला आणि अंग टाकले. थोड्या वेळाने दुसरा आला. “जागा आहे का?” पहिला म्हणाला, “एक निजेल एवढी आहे. म्हणजे दोघे बसतील.” आणि उठून बसला. मग तिसरा आला. दोघे म्हणाले, “दोघे बसतील तिथे तिघे उभे राहतील. या.” तिघे अंधारात उभे राहिले आणि हरिगुण बोलू लागले. इतक्यात तिघांनाही वाटले, कोणीतरी दाटी करतो आहे. चौथा कोणी आला म्हणावे तर दिसत नाही. मग त्यांनी ज्ञानाचा आणि प्रेमाचा दिवा लावून पाहिले, तो स्वतः नारायणच त्यांच्यामध्ये अंग चोरून उभा!

कथेचे मर्म ध्यानात घ्या. देव केव्हा आला? पहिला ऐसपैस निजला होता तेव्हा नाही आला. दोघे आरामात बसले तेव्हाही नाही. एकाने दुसऱ्यासाठी, दोघांनी तिसऱ्यासाठी आपली जागा आवळली, तेव्हा चौथा आला. आणि आला तो सिंहासन मागायला नव्हे. दाटीतच उभा राहायला.

मुंबईच्या लोकल गाडीत तिघांच्या बाकावर कडेला टेकणाऱ्याला लोक ‘चौथी सीट’ म्हणतात. दिवसभर राबून आलेला मनुष्य विचारतो, “जरा सरकता का?” कोणी सरकतो, कोणी पेपर वर करून ऐकलेच नाही असे दाखवतो. यापुढे तो चौथा आला की ही आळवारांची गोष्ट आठवा. कोण आला आहे, काय सांगावे?

येथे कोणी शंका घेईल, “महाराज, दुसऱ्यांचे दोष सांगितलेत, पण आम्ही रात्री डब्यात भजन करतो त्याला लोक नावे ठेवतात. नामाला का वेळकाळ असतो?” शंका रास्त आहे. नामाला वेळ नाही, हे खरे. पण टाळाला आवाज आहे, हेही खरे. नाम मनात चालते, श्वासावर चालते. समोरच्या फळीवर कोणी गिरणीतून सुटून आलेला, कोणी उद्या परीक्षेला बसणारा, कोणी इस्पितळातून निघालेला रुग्ण निजलेला असेल. त्याच्या झोपेत जो विसावा घेतो, तो कोण? त्यालाच उठवून त्याचीच स्तुती करायची! रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपेची वेळ रेल्वेनेही ठरवली आहे. मधली फळीही तेव्हाच टाकायची. दिवसा शेजाऱ्यांना विचारून भजन करावे. पुष्कळदा तेही टाळी धरतात. दहा वाजता टाळ पिशवीत, नाम अंतरात.

दुसरी शंका : “पण मग दुसऱ्याचा त्रास आम्ही मुकाट्याने सोसावा काय?” पैठणास नाथांच्या अंगावर एकजण पुनःपुन्हा थुंकला आणि नाथ दर वेळी गोदेत स्नान करून आले, रागावले नाहीत, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण तिचा अर्थ नीट करा. नाथांनी सोसले ते स्वतःवरचे. दुसऱ्याच्या अंगावर थुंकू द्यावे असे तिथे कोठे आहे? म्हणून विवेक असा : त्रास केवळ आपल्याला असेल तर आधी शक्य तितके सोसावे. शेजारच्या म्हाताऱ्याला, एकट्या बाईला, लेकराला असेल तर गप्प बसणे ही क्षमा नव्हे, तो भ्याडपणा. आधी गोड शब्दांत सांगावे, “बाबा, आवाज जरा कमी करतोस का?” दहांतले आठ ऐकतात. न ऐकला तर भांडू नये; तिकीट तपासनिसाला सांगावे किंवा १३९ या क्रमांकावर कळवावे. आणि आपला सोबती फलाटावर चहा पीत राहिला म्हणून साखळी ओढू नये. पुरेशा कारणावाचून साखळी ओढणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड कायद्यात सांगितला आहे. आणि एका चहासाठी हजारो जीव थांबतात, ते पाप निराळेच.

तेव्हा या वारीपासून गाडीतला एक नेम धरा. रुमालाने जागा धरायची नाही. दार अडवायचे नाही. कचरा पिशवीत ठेवून उतरल्यावर टाकायचा. एकादशीचा फराळ सोडला तर शेजाऱ्याला आधी विचारायचे. मोबाइल कानापुरता. उतरताना मागे वळून पाहायचे : आपण बसलो होतो तिथे पुढचा मनुष्य निःशंक बसेल काय? यासाठी पैसा लागत नाही, मुहूर्त लागत नाही. चार बोटे सरकावे लागते, एवढेच.

पंढरीला जाऊन आपण देवाला काय मागतो? पायाशी थोडी जागा. जो बाकावर चार बोटे देत नाही, त्याने ती कोणत्या तोंडाने मागावी? आधी चौथ्याला जागा द्या, मग मागा.

रामकृष्णहरि.