कायदा आणि माळ

डोंगरकड्यास एकादशीचे कीर्तन आटोपल्यावर एक तरुण पाया पडून म्हणाला, "महाराज, धर्मात सरकारनं हात घालू नये, असं तुम्ही सांगितलं. मग पंढरीचं दार आम्हाला कुणी उघडलं? माझा पणजा पायरीवरूनच माघारी आला होता." प्रश्न वर्मी लागला. त्या रात्री नीट उत्तर देता आले नाही; ते येथे देत आहोत.

प्रथम आमची बाजू. स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे. 'स्व' म्हणजे आपण, 'तंत्र' म्हणजे नियम. आपणच आपणांस लावून घेतलेला नियम, ते स्वातंत्र्य. वारकरी माळ घालतो, मद्यमांस सोडतो, एकादशी धरतो, ते काही शिपायाच्या धाकाने नव्हे. सक्तीने घातलेली माळ नुसता दोरा होय. म्हणून श्रद्धेच्या कामी सरकारने सावकाश पाऊल टाकावे, पिढ्यांनी जपलेली रीत एका ठरावाने मोडू नये, हे आमचे मत आजही कायम आहे.

पण सज्जनहो, हेच मत आडोसाही होते. चोखोबांची समाधी महाद्वारी, नामदेव पायरीसमोर आहे. त्यांचे अभंग आपण गाइले आणि त्यांच्या जातीच्या माणसास सहाशे वर्षे तेथेच थांबवले. "मने बदलू द्या, होईल हळूहळू," म्हणता म्हणता इतका काळ गेला! अखेर १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात उपोषणास बसले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी ते सुटले. त्यांना जागा दिली तनपुरे महाराजांच्या मठाने, हे विसरू नये. त्याच वर्षी मुंबई सरकारचा मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. म्हणून वारी बुडाली काय?

जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळीही आम्हांस भय वाटले. कीर्तनातून विरोध केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली, मागोमाग वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. पुढे तो वाचून पाहिला. यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांस त्यात मोकळीक आहे. वारकऱ्यांच्या हरकतींनी मजकूर स्पष्ट झाला, हेही खरे. निषेध आहे तो नरबळीचा, भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या मारहाणीचा. आधी विरोध, मग वाचन, हा क्रम शास्त्र शिकलेल्यास शोभला नाही.

तेव्हा त्या तरुणास उत्तर असे. कायद्याला कुणाच्या गळ्यात माळ घालता येत नाही. पण अडवलेले दार उघडता येते, मारणारा हात धरता येतो. माणूस स्वतःवर नियम घालतो तेथे कायद्याने उंबऱ्याबाहेर थांबावे. तो दुसऱ्यास अडवतो, तेथे 'आमचे स्वातंत्र्य' म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही.

आपल्याच जिल्ह्यात, औंढ्यास, नामदेवरायांना देवळामागे घालवले तेव्हा देऊळच फिरले, ही कथा आम्ही किती रंगवून सांगतो! देवाने भक्तासाठी देऊळ फिरवले. आपणांस एक दार उघडावयास दुसऱ्याचे उपोषण लागले. अजून कोणते दार लावलेले आहे, ते आपणच आधी शोधू या. मग सरकारला यावे लागणार नाही.

रामकृष्णहरी.