व्यसनमुक्ति आणि घराचा उंबरठा

मद्यपी माणसाविषयीं आपल्या समाजांत दोन मतें फार दिवसांपासून नांदत आहेत. एक मत त्यास अपराधी समजतें, दुसरें त्यास रोगी समजतें. पहिल्यास काठी व कोठडी आठवते, दुसऱ्यास खाट व औषध आठवतें. परंतु दोन्ही मतांच्या अनुयायांचें एका गोष्टीविषयीं एकमत असतें. तें हें कीं, अशा माणसास प्रथम घरांतून उचलून कोठें तरी नेऊन ठेविलें पाहिजे. गेल्या कांहीं दशकांत वैद्यकशास्त्रानें या दोहोंहून निराळा मार्ग पुढें ठेविला आहे. रोग्याची नीट तपासणी करावयाची, त्यास त्याच्याच घरीं राहूं द्यावयाचें, रोज दवाखान्यांत बोलावून उतरत्या मात्रेनें औषध द्यावयाचें, आणि दारू सुटल्यावर शरीराची जी ओढाताण होते ती पांच-सात दिवसांत निभावून न्यावयाची, असा हा मार्ग आहे. वरवर पाहतां ही केवळ सोयीची गोष्ट वाटेल. पण तिच्या पोटांत एक बिकट नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्या माणसाचा रोगच मुळीं दिलेला शब्द मोडावयास लावणारा, त्याच्या शब्दावर विश्वास टाकणें कितपत युक्त? आणि तो विश्वास फोल ठरला, तर त्याची किंमत कोणीं द्यावयाची?

प्रथम शरीराची बाजू समजून घेतली पाहिजे. दारू मेंदूचे व्यापार मंद करते. वर्षानुवर्षें भरपूर पिणाऱ्याचा मेंदू या दडपणाशीं झुंजतां झुंजतां स्वतःची चेतना वाढवून ठेवतो. दारू एकाएकी थांबली कीं दडपण जातें, पण वाढलेली चेतना तशीच राहते. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात कांपूं लागतात, घाम सुटतो, झोंप उडते. पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊं शकतात. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कांहीं रोग्यांना भ्रम होतो. भिंतीवर किडे चालतांना दिसतात, नसलेल्या माणसांचे आवाज ऐकूं येतात, अंगांत ताप भरतो. या अवस्थेकडे दुर्लक्ष झाल्यास मृत्यूहि ओढवतो.

आपल्याकडे दारू सोडण्याची जुनी व आदरणीय रीत म्हणजे गळ्यांत तुळशीची माळ घालणें. त्या माळेनें अनेक संसार सांवरले आहेत, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु ज्याचें शरीर दारूवर सर्वस्वीं विसंबलें आहे, असा माणूस एका सकाळीं माळ घालून सर्व कांहीं थांबवितो, तेव्हां तिसऱ्या रात्रीं येणाऱ्या भ्रमास घरचीं माणसें बाहेरची बाधा समजण्याचा संभव असतो. मग डॉक्टराऐवजीं देवऋष्यास बोलावणें जातें. घाबरून तो पुन्हां प्याला आणि शांत झाला, तर लोक म्हणतात, निश्चय कच्चा! वास्तविक निश्चय कच्चा नव्हता; निश्चयावर शरीराचें ओझें टाकलें गेलें, आणि तें ओझें उचलणें हें निश्चयाचें कामच नव्हे. ज्या यातनेनें माणूस तिळमात्र अधिक चांगला होत नाहीं, ती औषधानें हलकी केली, तर त्याच्या पश्चात्तापाचें मोल कमी होत नाहीं. दुःख सोसलें म्हणजे पाप फिटलें, हा हिशेब धर्मशास्त्रांत कोठें बसत असेल तो असो; वैद्यकांत तो बसत नाहीं.

हें औषध क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम या जातीचें असतें. दारूनें जें दडपण घातलें होतें, तेंच हें औषध सौम्यपणें घालतें, आणि मग मात्रा रोज थोडी थोडी उतरवितां येते. त्याच्या जोडीस थायमिन नांवाचें जीवनसत्त्व द्यावें लागतें, कारण त्याच्या अभावीं मेंदूस कायमची इजा होऊं शकते. औषधाचीहि संवय लागूं शकते, म्हणून तें मोजकेंच हातीं देणें शहाणपणाचें. ज्यास पूर्वीं झटके आले आहेत वा भ्रम झाला आहे, ज्यास दुसरा गंभीर आजार आहे, किंवा ज्याच्या घरीं लक्ष ठेवणारें कोणीच नाहीं, त्यास घरीं ठेवणें हा दयाळूपणा नव्हे, निष्काळजीपणा होय. त्याची जागा रुग्णालयांतच आहे.

उरलेल्यांचें काय होतें? १९८९ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील संशोधकांनीं सौम्य व मध्यम तीव्रतेच्या १६४ पुरुष रोग्यांची तुलना प्रसिद्ध केली. ८७ जणांस घरीं राहूं दिलें, ७७ जणांस रुग्णालयांत ठेविलें. रुग्णालयांतील शेंकडा ९५ जणांनीं उपचार पुरा केला, घरीं राहणाऱ्यांपैकीं शेंकडा ७२ जणांनीं. उघडें दार अधिक लोकांस निसटूं देतें, हें यावरून कबूल केलेंच पाहिजे. परंतु सहा महिन्यांनीं पाहतां दोन्ही गटांच्या स्थितींत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. बंद दारानें पहिला आठवडा सुरक्षित होतो. पुढील आयुष्य सुरक्षित होत नाहीं.

आतां हा विचार एखाद्या गांवाच्या भूमीवर उतरवून पाहूं. आंबेगांव तालुक्यांत घोडेगांवाहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिनोली आहे. पुणें तेथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. पश्चिमेस डिंभ्याचें धरण, आणि त्यापलीकडे महादेव कोळी व ठाकर यांच्या डोंगरांतील वाड्या. पुण्यांत १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधारानें 'मुक्तांगण' उभें केलें, आणि तेथील निवासी उपचारानें महाराष्ट्रांत व्यसनमुक्तीस प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या कार्याविषयीं आदरच आहे. परंतु तेथील उपचार ३५ दिवसांचा. ज्याचें पोट रोजच्या मजुरीवर आहे, ज्याच्या भाताची लावणी तोंडावर आली आहे, त्यानें पस्तीस दिवस घर सोडावें कसें? शिवाय जो महिनाभर गांवांत दिसला नाहीं, त्याच्या आजाराचें नांव साऱ्या आळीस ठाऊक होतें. केंद्र सरकारनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांपैकीं एकासच कसला तरी उपचार मिळतो, आणि रुग्णालयांत राहून उपचार तर १८० मध्यें एकास. उरलेल्या १७९ जणांपुढें उत्तम संस्थेचें उदाहरण ठेवणें म्हणजे तहानलेल्यास दूरची नदी दाखविणें होय. तेव्हां घोडेगांवीं वा शिनोलीच्या जवळपास रोज सकाळीं जातां येईल असा दवाखाना, हाच शिनोलीच्या माणसापुरता खरा उपाय ठरतो.

येथवर बहुतेक वाचक सहमत होतील. आतां जो आक्षेप घ्यावयाचा आहे, तो या मार्गाच्या विरोधकांकडून सहसा घेतला जात नाहीं, आणि समर्थक तर तो विसरतातच. डॉक्टर विचारतो, "घरीं लक्ष ठेवणारें कोणी आहे ना?" हें 'कोणी' बहुतेक घरांत एकच असतें: पत्नी, आणि ती नसेल तर आई. गोळ्यांची पुडी तिच्या पदरीं बांधावयाची, रात्रीं जागावयाचें तिनें, कंप वाढला तर वाहन शोधावयाचें तिनें. ज्या बाईनें दहा वर्षें त्याचे हात चुकविले, तिच्याच हातीं आतां त्याची राखण! तो गोळ्या अधिक मागेल, ती नाहीं म्हणेल, आणि मग त्या खोलींत काय होईल, हें कोणत्याहि कागदावर लिहिलें जाणार नाहीं. फिलाडेल्फियाच्या त्या तुलनेंत घरच्या मार्गास माणशीं १७५ ते ३८८ डॉलर लागले, रुग्णालयास ३,३१९ ते ३,६६५. ही बचत खरीच. परंतु अशा हिशेबांत घरच्या माणसाच्या जागरणाची व भयाची किंमत धरलेली नसते. स्वस्त वाटणाऱ्या गोष्टीचें मोल पुष्कळदां दुसरेंच कोणी चुकतें करीत असतें.

यावरून घरचा मार्ग त्याज्य ठरतो काय? आमच्या मतें नाहीं. मात्र त्याची अट बदलते. रोग्याची संमति आपण अगत्यानें घेतों. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें दारू व मादक द्रव्यांपासून उद्भवणाऱ्या मनोविकारांसहि आपल्या कक्षेंत घेतलें, आणि रोग्याच्या इच्छेविरुद्ध त्यास दाखल करण्यावर कडक अटी घातल्या, हें योग्यच झालें. पण ज्या घरांत उपचार व्हावयाचा, तेथील राखण करणारीची संमति घेण्यास कोणी बसत नाहीं. ती एकटी असतां, नवरा समोर नसतां, तिला विचारलें पाहिजे; तिनें नाहीं म्हटलें तर त्याचें कारण मागूं नये. जेथें मारहाण आहे, तेथें घर हें उपचाराचें स्थान नव्हे. आणि जेथें ती हो म्हणते, तेथेंहि पुडी तिच्या पदरीं न बांधतां रोजचें औषध रोज दवाखान्यांतूनच द्यावें, आणि आशा कार्यकर्तीनें वा परिचारिकेनें दिवसांतून एकदां घरीं डोकवावें. तसें झालें, तर 'नाहीं' म्हणण्याचें काम दवाखान्याकडे जातें, आणि पत्नीस पत्नी राहतां येतें.

विश्वासाच्या प्रश्नाचें उत्तरहि येथेंच आहे. जो माणूस रोज सकाळीं गुत्त्यावरून दवाखान्यापर्यंत चालत जातो, तो दिवसांतून एकदां तरी आपल्या पायांचा मालक असतो. बंद खोलींत ही संधि त्यास मिळत नाहीं. विश्वास हें बक्षीस नसून व्यायाम आहे, आणि व्यायाम नेहमीं मर्यादेनें सुरू करावयाचा असतो. एक दिवसाच्या औषधापुरता विश्वास, मग दुसऱ्या दिवसापुरता. एवढ्या लहान मापाचा विश्वास मोडला, तरी घर मोडत नाहीं.

शेवटीं एक धोक्याची सूचना. शरीर दारूपासून मोकळें झालें, म्हणजे माणूस मोकळा झाला असें नव्हे. अफूच्या वर्गांतील द्रव्यांच्या बाबतींत तर हा गैरसमज प्राणघातक आहे: कांहीं दिवसांच्या विरामानें शरीराची सोसण्याची शक्ति घटते, आणि पूर्वींचीच मात्रा पुन्हां घेतली तर श्वास थांबतो. म्हणून अशा रोग्यांना केवळ 'शुद्ध' करून सोडून न देतां ब्यूप्रेनॉर्फिनसारखें औषध दीर्घकाळ देत राहणें अधिक सुरक्षित. दारूच्या रोग्यासहि त्या आठवड्यानंतर सोबत लागते. सोबतीसाठीं प्रत्येक वेळीं मोठ्या पदवीचीच गरज असते असें नाहीं. गोव्यांतील आरोग्यकेंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनीं अपायकारक प्रमाणांत पिणाऱ्या पुरुषांना थोड्याच भेटींत केलेल्या साहाय्याचा उपयोग झाल्याचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें.

सारांश, माणसास घरीं राहून बरें होऊं देणें हें न्याय्य आहे. पण 'घर' या शब्दाआड एका बाईस एकटी उभी करणें न्याय्य नाहीं. तिचा वांटा दवाखान्यानें, शेजारानें आणि गांवानें उचलला, तरच घराचा उंबरठा हा उपचाराचा उंबरठा होईल. नाहीं तर कोठडी तेवढी बदलेल, आणि आंत कोंडलेलें माणूस दुसरें असेल.