अढी आणि वजाबाकी

शेजारचा नववीतला मुलगा. त्याच्या शाळेत मुलांना सकारात्मक विचार शिकवायला कुणी पाहुणे आले होते. डोळे मिटायचे आणि स्टेजवर बक्षीस घेताना स्वतःला पाहायचं, असा प्रयोग झाला. “दिसलं का?” मी विचारलं. “दिसलं ना काका. कप चांगला मोठा होता. मग गणिताचा पेपर आला.”

पेपरात काय झालं, हे विचारण्याआधीच त्यानं निकाल सांगून टाकला : “मला गणित येतच नाही.”

हाच मुलगा चार महिन्यांपासून पहाटे मल्लखांबाला जातो. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पहाटेखेरीज इलाजही नाही. सुरुवातीला पोटऱ्या सोलून निघाल्या, मांड्यांवर काळेनिळे वळ उठले, आजीनं हळद लावता लावता त्या खांबाचा उद्धार केला. खांबाला पायांनी घालायची पकड म्हणजे अढी. एकदा मी सहज विचारलं, “अढी बसते का रे?” तर म्हणाला, “बसते, पण टिकत नाही. डावा पाय ढिला पडतो.”

मला या दोन वाक्यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. गणितात सगळा मुलगाच नापास. खांबावर फक्त डावा पाय. एरंडेल चोळलेला तो गुळगुळीत खांब कुणाची समजूत काढत नाही, अपमानही करत नाही. पकड सुटली की माणूस घसरतो, आणि कुठली पकड सुटली ते अंगाला कळतं. अपयशाला पत्ता मिळतो. ‘माझ्याच्यानं काही होत नाही’ असं म्हणणाऱ्या मुलाला ‘तुझ्याच्यानं सगळं होईल’ असं सांगणं म्हणजे एका धुक्यावर दुसरं धुकं घालणं. त्याला हवा असतो तो डावा पाय.

गाब्रिएल ओएटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा स्वप्नरंजनावर बरंच काम केलं आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, नोकरी मिळाल्याची गोड चित्रं मनात जास्त रंगवणाऱ्या पदवीधरांना पुढच्या दोन वर्षांत नोकरीची बोलावणी कमी आली. ज्यांना नोकरी मिळेल अशी अपेक्षा होती, त्यांचं मात्र बरं चाललं. स्वप्नरंजन आणि अपेक्षा यांत फरक असा की अपेक्षेच्या मागे आधी केलेल्या कामाचा अनुभव असतो. मोठा कप पाहिलेल्या आमच्या पठ्ठ्याचं आणखी काय होणार होतं?

व्यायामशाळांत मल्लखांबाचे आद्य गुरू बाळंभटदादा देवधरांची गोष्ट सांगतात. निजामाच्या मुलखातून आलेल्या दोन मल्लांनी दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात आव्हान दिलं, कुणी पुढे येईना, तेव्हा हा पोरगा उठला. पण लगेच आखाड्यात उतरला नाही. मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन मेहनत केली, आणि मग परतून जिंकला. आपण ही गोष्ट सांगताना विजयावर जोर देतो. मला ती मागून घेतलेली मुदत आवडते. पुढे बाजीराव बिठूरला गेला, तिथे मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई, वाढली, आणि तीही मल्लखांब शिकली असं म्हणतात. १८५८च्या जूनमध्ये ती आमच्या ग्वाल्हेरात पडली. फुलबागेत तिची समाधी आहे, आणि तिच्या नावाचं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय १९५७ साली, सत्तावनच्या उठावाच्या शताब्दीला, इथेच सुरू झालं. मध्य प्रदेशानं २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यखेळ केलं, तेही एका परीनं घरचंच.

पण कष्टानं मन आपोआप घडतं, यावर माझा विश्वास नाही. माझ्या शाळेत कवायतीचे एक सर होते. मागे पडणाऱ्याला ते आणखी दोन फेऱ्या मारायला लावत आणि बाकीच्यांना बघत उभं करत. “तुझ्यात दमच नाही,” हे त्यांचं पालुपद. त्या मैदानावर मी एकच विद्या शिकलो : दर शनिवारी पोट दुखवायची. दमच नाही म्हटल्यावर सुधारायचं काय? ‘श्वास चुकतोय, हळू सुरू कर,’ असं कुणी म्हटलं असतं तर कदाचित मीही धावलो असतो. कदाचित नसतोही, आळशी होतोच.

परवा तो पेपर घेऊन आला. मी काही विचारलं नाही. लाल खुणांवरून बोट फिरवत बराच वेळ बसला होता. मग म्हणाला, “काका, कंसाबाहेर वजा असला की आतली चिन्हं मी बदलतच नाही. पाच गणितं त्यातच गेलीत.” पेन मागून घेतलं, एक गणित पुन्हा सोडवलं, दुसरं पुन्हा चुकवलं, आणि घड्याळ बघून उठला. मल्लखांबाच्या सरांनी खांबासाठी एरंडेल आणायला सांगितलं होतं. मलाही भाजी घ्यायची होती, म्हणून दोघंही पाटणकर बाजारात गेलो.

दुकानदारानं मोठी बाटली काढली, एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि काळजीनं विचारलं, “घर में किसका पेट ख़राब है?”